बेडोकमधलं फिनलंड

नवऱ्याने एसी सोळावर नेला, रिमोट स्वतःच्या खिशात टाकला आणि जाहीर केलं, "आजपासून हे घर म्हणजे फिनलंड."

बाहेर सिंगापूरच्या बेडोकमध्ये ऊन रणरणत होतं. समोरच्या इमारतीत काठ्यांवर वाळत घातलेले कपडे तासाभरात कडकडीत होत होते. आणि आम्ही तिघं भर दुपारी सोफ्यावर स्वेटर घालून बसलो होतो. डिसेंबरात पुण्याला जाताना लागतात म्हणून कपाटाच्या तळाशी ठेवलेले ते स्वेटर, त्यांना डांबरगोळ्यांचा वास मारत होता. नवऱ्याने माकडटोपीही चढवली होती. लेकीला घालायला गेला तर ती किंचाळली, "नो लाह, पापा! लुक सो स्टुपिड!" लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. चार वर्षं सिंगापूरच्या शाळेत गेल्यामुळे मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि नकाराच्या मागे "लाह" लावायची.

ही गोष्ट दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची. नवरा चांगी बिझनेस पार्कातल्या एका आयटी कंपनीत होता. अकरा वर्षं त्याने दुसऱ्यांनी लिहिलेल्या एकाच जुनाट सॉफ्टवेअरची डागडुजी केली होती. ते बंद पडलं की फोन याला, सुरू झालं की कौतुक भलत्यालाच. आणि अचानक कंपनीने विचारलं, फिनलंडच्या उत्तरेला एका छोट्या गावात नवीन काम सुरू होतंय, अगदी पहिल्या विटेपासून, तीन वर्षं जाल का? त्या संध्याकाळी तो घरी आला तो शीळ घालतच. त्या गावाचा एक फोटो त्याने फ्रिजवर चिकटवला. फोटोत बर्फ, दोन झाडं आणि एक बंद दरवाजा होता. माणूस एकही नव्हता. तो फोटो बघून कुणाला आनंद होईल असं मला वाटलं नसतं, पण नवरा पाणी प्यायला गेला तरी दोन मिनिटं तिथेच रेंगाळायचा.

अडचण एकच होती. याआधी इथून तिकडे पाठवलेली दोन कुटुंबं वर्षाच्या आत परत आली होती. कामाचं कारण नव्हतं, घरच्यांचं मन रमलं नाही. त्या गावात सगळी माणसं तिथलीच, आपल्यासारखा चेहरा औषधालाही नाही. म्हणून कंपनीने आता शहाणपणा करून सिंगापुरात राहणाऱ्या एका फिनिश बाईंना नेमलं होतं. त्या घरी येणार, कुटुंबाशी, म्हणजे मुख्यतः बायकोशी बोलणार आणि ही माणसं तिथे टिकतील की नाही ते लिहून देणार. त्यांनी हो म्हटलं तर जायचं, नाही म्हटलं तर फोटो काढून टाकायचा.

म्हणजे नोकरी ह्याची आणि परीक्षा माझी. मी जाम भडकले. चाळिशीला आलेल्या बाईला पुन्हा एकदा दाखवून घ्यायला बसवणार! लग्नाच्या वेळी चार जणांपुढे पोहे घेऊन बसले होते, तेव्हाच ठरवलं होतं की हे आयुष्यात परत नाही. पण भडकण्याचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. मला भीती वाटत होती. मला बोलायला लागतं. भाजीवाला, वॉचमन, बसमधली शेजारीण, कुणीही चालतं, पण बोलायला लागतं. त्या फोटोतल्या बंद दारामागे मी तीन वर्षं कुणाशी बोलणार? आणि माझ्यामुळे ह्याचं जाणं रद्द झालं, तर हा एका शब्दाने बोलणार नाही, गुपचूप फ्रिजवरचा फोटो तेवढा काढेल, हेही मला ठाऊक होतं. ते मला बघवलं नसतं. म्हणून मी स्वेटर घालून बसले.

बाई येण्याआधी तीन आठवडे एक फॉर्म आला. आवडीनिवडी, खाणंपिणं, थंडी सहन होते का, असे साधे प्रश्न होते. मग एक प्रश्न होता: सध्या राहता त्या देशात तुमचे स्थानिक मित्र किती? मी लिहिलं, पुष्कळ.

"कोण कोण?" नवऱ्याने विचारलं.

मी बोटांवर मोजायला लागले. मंडळातल्या बायका. रविवारचा मराठी वर्ग चालवणारी ती. बॅडमिंटनचा ग्रुप. गणपतीत मोदकांची ऑर्डर घेणारी.

"त्या सगळ्या कोथरूड नाहीतर डोंबिवलीच्या आहेत," तो म्हणाला.

"बॅडमिंटनमध्ये एक गुजराती आहे."

मग मी हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातल्या, चहावाल्या अंकलचं नाव घेतलं. म्हणजे नाव नाही, नाव मला माहीत नव्हतं. पण मी रांगेत दिसले की ते न विचारता बिनसाखरेचा चहा ओततात. ही मैत्री नाही तर काय? नवरा म्हणाला, आपण हा विषय निघणार नाही अशी आशा करू या.

तर तालीम. नवऱ्याने इंटरनेटवर वाचून फिनलंडचे नियम काढले होते आणि ते फ्रिजवर फोटोच्या खाली लावले होते. जेवताना बोलायचं नाही. लिफ्टमध्ये कुणी असेल तर दुसऱ्या लिफ्टची वाट बघायची. अनोळखी माणसाला पगार, वय, मुलं किती हे विचारायचं नाही. कुणी "नको" म्हटलं तर ते नकोच समजायचं, परत आग्रह करायचा नाही. हा शेवटचा नियम वाचून मला हसूच आलं. आमच्या घराण्यात पाहुण्याने तीनदा नको म्हटल्याशिवाय त्याचं पोट भरलं आहे असं धरतच नाहीत. पहिलं नको हे संस्कारांचं, दुसरं भिडेचं, तिसऱ्याच्या आधी वाढून मोकळं व्हायचं असतं. नवऱ्याने लेकीला पंच नेमलं. मी त्याला दुसऱ्यांदा भात वाढायला गेले की ती शिट्टी मारायची, तिच्या शाळेच्या खेळाच्या तासाची, गळ्यात घालायची शिट्टी. पहिल्या आठवड्यात मी सतरा वेळा बाद झाले.

जेवताना गप्प बसणं तर त्याहून कठीण. आमटीत मीठ कमी आहे हे नवऱ्याने मला खुणेने सांगितलं आणि मी त्याला पापड दिला. त्याने पुन्हा खूण केली, मी ताक दिलं. शेवटी तो उठला, मीठ घेऊन आला, आणि त्याच वेळी बेल वाजली.

दारात सेम्बावांगची माझी मैत्रीण होती. सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाहून, न कळवता, घामाने थबथबलेली, हातात दोडक्याची पिशवी. तिने आत बघितलं. थंडगार अंधारलेली खोली, तीन माणसं लोकरीच्या टोप्या घालून (लेकीनेही थंडीपुढे हात टेकले होते) न बोलता ताटावर बसलेली. तिने पिशवी खाली ठेवली, माझा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं गं?"

मला बोलायची परवानगी नव्हती. मी मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकवीस जणींनी हात जोडले होते, आणि कुणीतरी दहाव्याला काय मदत लागेल असंही विचारलं होतं. ते निस्तरायला मला दोन दिवस लागले. मैत्रीण अजूनही म्हणते की तुम्ही काहीतरी लपवलंत.

तीन आठवडे एसी दिवसभर सोळावर होता. त्या बिचाऱ्याला असल्या कामाची सवय नव्हती. तो खोकायचा, मध्येच कण्हायचा, आणि त्याचं पाणी कुठे जातंय याचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नाही.

फिनिश बाई शनिवारी अकराला येणार होत्या. मी पोहे भिजवायला घेतले ते अकराला पाच कमी असताना, कारण अकरा म्हणजे सव्वाअकरा. एवढ्यात दाराच्या भिंगाला डोळा लावून बसलेली लेक ओरडली, "ममा, शी इज हिअर! बट शी इज नॉट रिंगिंग!" मी भिंगातून बघितलं. उंच, पांढुरक्या केसांच्या एक बाई लिफ्टपाशी ताठ उभ्या होत्या आणि घड्याळाकडे बघत होत्या. आम्ही तिघं आळीपाळीने त्यांना बघत राहिलो. बरोबर अकराच्या ठोक्याला त्या पुढे आल्या आणि बेल वाजवली.

दार उघडल्याबरोबर त्यांनी न सांगता चपला काढल्या आणि भिंतीला लावून नीट ठेवल्या. तिथेच मला त्या आवडल्या. आमच्याकडेही चपला बाहेर काढतात, असं मी म्हटलं, त्या म्हणाल्या, फिनलंडमध्येही. मग त्या सोफ्यावर बसल्या आणि गप्प झाल्या. आम्हीही गप्प झालो. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. नवऱ्याने माझ्याकडे अभिमानाने बघितलं. त्याला वाटलं, पहिला पेपर छान गेला.

मी पोहे आणले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. बाईंनी अगदी शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले. "अजून घ्या ना," मी म्हटलं.

"नको, थँक यू," बाई म्हणाल्या.

माझा हात आपोआप त्यांच्या रिकाम्या ताटलीकडे गेला. कोपऱ्यातून लेकीने गळ्यातली शिट्टी नुसती तोंडाशी नेली. मी हात मागे घेतला. काय यातना झाल्या त्या माझ्या मलाच माहीत. एक बाई माझ्या घरात बसली आहे, तिची ताटली रिकामी आहे, कढईत पोहे आहेत, आणि मी हातावर हात ठेवून बसले आहे. माझी आई हे बघती तर तिने मला घराबाहेर काढलं असतं.

बाईंनी वही उघडली. थंडीबद्दल विचारलं, नवऱ्याने सोळा डिग्रीची तालीम सांगितली. त्यांनी ते लिहून घेतलं. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. "तिथे जानेवारीत उणे पंचवीस असतं," एवढंच म्हणाल्या. लेकीला शाळेबद्दल विचारलं. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय, स्थानिक मित्र पुष्कळ. मला त्यांच्यापैकी एखाद्याबद्दल सांगाल?"

नवरा छताकडे बघायला लागला. मी चहावाल्या अंकलपासून सुरुवात करावी का, असा विचार करत होते. तेवढ्यात बेल वाजली. एकदा नाही, लागोपाठ पाच वेळा.

जाळीच्या दाराबाहेर एक साठी उलटलेल्या बुटक्या चिनी आंटी उभ्या होत्या, कडेवर ओल्या चादरींचा बोळा. "ओई!" त्या ओरडल्या, "युअर एअरकॉन! थ्री वीक ऑलरेडी! ड्रिप, ड्रिप, ड्रिप, ऑल माय बेडशीट वेट!"

या आमच्या बरोब्बर खाली राहणाऱ्या आंटी. लिफ्टमध्ये कधी दिसल्या तर मी मान डोलवायचे, त्या डोलवायच्या, संपलं. आता पुढे मी जे केलं ते का केलं हे मला आजही सांगता येत नाही. मी जाळीचं दार उघडलं, आंटींना खांद्याला धरून आत ओढलं, चादरींचा बोळा नवऱ्याच्या मांडीवर टाकला आणि फिनिश बाईंना सांगितलं, "ही बघा, माझी मैत्रीण! खूप जवळची!"

"हू युअर फ्रेंड?" आंटी म्हणाल्या.

"जोक करतात," मी म्हटलं. "आंटी, या, बसा. पोहे खा."

"नो नीड, नो नीड."

आता मात्र मला आवरेना. ही आपली बाई! "थोडेसे तरी," मी म्हटलं. "नो नीड, लाह, आय जस्ट ईट." "अहो चवीपुरते!" आणि तिसऱ्या "नो नीड"च्या आत मी त्यांच्या हातात ताटली दिली होती. लेकीने शिट्टी वाजवली नाही. तीही बघत राहिली होती. आंटींनी एक घास घेतला, लिंबाची फोड पिळली आणि खुर्चीत नीट मागे सरकून बसल्या. चादरी नवऱ्याच्या मांडीवर ठिबकत होत्या. तो हसतमुखाने भिजत होता.

"तुमची ओळख किती वर्षांची?" फिनिश बाईंनी विचारलं.

"चार," मी म्हटलं.

"फोर इयर, करेक्ट," आंटी पोहे चावत म्हणाल्या. "फोर इयर आय नो हर. शी डोंट नो मी."



आंटींना कुणी काही विचारलं नव्हतं, पण पोटात पोहे गेल्यावर त्या मोकळ्या झाल्या आणि त्यांच्या तुकड्या-तुकड्यांच्या इंग्रजीत बाईंना समजावून सांगू लागल्या. ही वरची. हिच्या घरी सकाळी कुकर लावतात. रोज तीन शिट्ट्या. रविवारी पाच, म्हणजे काहीतरी कडक शिजत असणार, दुपारी जिन्यात मसाल्याचा वास येतो. मुलगी संध्याकाळी पेटीवर एकच गाणं वाजवते आणि दर वेळी एकाच ठिकाणी चुकते. हिचा नवरा सकाळी सात वेळा शिंकतो. डिसेंबरात वरून काही ऐकू येत नाही, तेव्हा हे इंडियाला गेलेले असतात. "व्हेरी क्वाएट," आंटी म्हणाल्या. "माय हजबंड नॉट हॅपी."

त्यांच्या नवऱ्याला काय झालं, मी विचारलं.

त्यांच्या नवऱ्याला रक्तदाबाची गोळी घ्यायची असते सकाळी. घड्याळ लावलं तरी ते विसरतात. पण आमची दुसरी शिट्टी झाली की त्यांचा हात गोळीच्या डबीकडे जातो. चार वर्षं चाललंय. डिसेंबरात आंटींना स्वतः आठवण करून द्यावी लागते आणि त्यावरून दोघांचं भांडण होतं. "सेकंड व्हिसल, ही टेक मेडिसिन," आंटी म्हणाल्या आणि मग फ्रिजवरच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "यू ऑल गो व्हेअर?"

मला फार लाज वाटली. अशी लाज की कान गरम झाले, त्या सोळा डिग्रीतही. फिनलंडमध्ये माझ्याशी कोण बोलेल म्हणून मी तीन आठवडे मनातल्या मनात रडत होते, आणि इथे माझ्या पायाखाली एक म्हातारं जोडपं चार वर्षं माझ्या कुकरवर आपली सकाळ लावून बसलं होतं. मी एकदाही एक जिना उतरून खाली गेले नव्हते. बंद दार फोटोत नव्हतं, माझंच होतं.

"फॉर्ममध्ये मी खोटं लिहिलंय," मी बाईंना सांगून टाकलं. नवऱ्याने डोळे मिटले. "माझा इथे स्थानिक मित्र एकही नाही. ह्या आंटींचं मला नावसुद्धा माहीत नाही. तुम्ही पाच मिनिटं आधी गेला असतात तर त्या नुसत्या एसीचं भांडण करून गेल्या असत्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी मनात म्हटलं, संपलं. मग त्यांनी आपली रिकामी ताटली उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"मला वाटलं होतं तुम्ही अजून दोनदा विचाराल," त्या म्हणाल्या. "मी सिंगापुरात सहा वर्षं राहते. भारतीयांच्या घरी पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, हे शिकून घ्यायला मला दोन वर्षं लागली. मी वाट बघत होते."

आम्ही तिघं हसत सुटलो, आणि आंटी तर सगळ्यात मोठ्याने हसल्या. एकाच सोफ्यावर मी फिनिश व्हायचा प्रयत्न करत होते आणि फिनिश बाई मराठी व्हायचा, आणि दोघी उपाशी. मी कढईच आणून टेबलावर ठेवली. जाताना बाई दारात चपला घालताना म्हणाल्या, नाव आत्ता विचारलंत तरी चालेल, उशीर झालेला नाही. मी आंटींना नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, मी चुकीचं म्हटलं, त्यांनी परत सांगितलं. मग त्यांनी माझं विचारलं. चार वर्षं त्यांच्या घरी मला "वरची शिट्टी" म्हणत होते, हेही कळलं.

बाईंचा अहवाल दहा दिवसांनी आला. नवऱ्याने तो मोठ्याने वाचून दाखवला. बहुतेक रुक्षच होता. माझ्याबद्दल लिहिलं होतं: "सध्या स्थानिक मैत्रीण एक. ओळख माझ्यासमक्ष झाली. वेग समाधानकारक. या कुटुंबाला पाठवायला हरकत नाही." नवऱ्याने ते वाक्य पाच-सहा वेळा वाचलं आणि माकडटोपी हवेत उडवली. मी आनंदाने रडले आणि मग थोडी भीतीनेही रडले, कारण आता खरंच जायचं होतं.

निघायला चार महिने होते. एसी सव्वीसवर आला, त्याचा पाइप साफ केला, आंटींच्या चादरी मी स्वतः धुऊन दिल्या. त्या चार महिन्यांत मी खाली इतक्या वेळा गेले की नवरा म्हणाला, आता आंटींनाच एसीचं पाणी सोडावं लागेल तुला वर पाठवायला. त्यांचे यजमान कमी बोलायचे. मला बघितलं की गोळ्यांची डबी वर करून दाखवायचे, घेतली म्हणून. जाताना मी माझा पाच लिटरचा कुकर आंटींना दिला. "नो नीड, नो नीड," त्या म्हणाल्या. तीनदा म्हणाल्या, मी मोजलं, आणि घेतला. हिरव्या मुगाचं गोड सूप त्या आता त्यात करतात. रोज सकाळी दुसऱ्या शिट्टीपर्यंत. निरोप देताना माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाल्या, "देअर, यू गो डाउन फर्स्ट. डोंट वेट फॉर वॉटर."

मी गेले नाही. खोटं कशाला बोलू? फिनलंडला पोचल्यावर पहिले दोन आठवडे मी घराबाहेरच पडले नाही. इमारत तीन मजल्यांची होती, आम्ही दुसऱ्यावर. जिन्यात कुणाच्या पावलांचा आवाज आला की बाकीचे दाराआड थांबायचे, तो माणूस गेला की मग बाहेर पडायचे. हे मला लेकीने सांगितलं, कारण ती तासन् तास भिंगाला डोळा लावून बसायची. नवरा सकाळी शीळ घालत जायचा आणि शीळ घालत यायचा. त्याला मी सांगायचे, मजेत आहे. मी भात उघड्या पातेल्यात शिजवत होते, आवाज नको म्हणून. पातेल्यातला भात मला धड जमत नाही, रोज खाली लागायचा.

पंधराव्या दिवशी दुपारी मला एवढं एकटं वाटलं की मी पातेलं सिंकमध्ये आदळलं आणि बॅगेतून धाकटा, तीन लिटरचा कुकर काढला. वरण, भात, सगळं एकदम लावलं. पहिली शिट्टी झाली तेव्हा त्या शांत इमारतीत ती एवढी मोठी वाटली की मी दचकले. दुसरी झाली. बेडोकमध्ये आता संध्याकाळ असेल, असं मनात आलं, आणि रडू फुटणार एवढ्यात तिसरी शिट्टी आणि दाराची बेल एकदमच वाजली.

दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते, पायात जाड लोकरीचे मोजे, हातात आग विझवायचं लाल नळकांडं. खालच्या मजल्यावरचे. मोडक्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना?

मी त्यांना माझं नाव सांगितलं. मग त्यांचं विचारलं. त्यांनी सांगितलं, मी चुकीचं म्हटलं, त्यांनी परत सांगितलं.

"आत या," मी म्हटलं. "जेवूनच जा. गरम वरणभात आहे."

"नको, थँक यू," ते म्हणाले.

मी दाराला टेकून उभी राहिले आणि मनात मोजलं: एक.